कायदा घरात शिरतो तेव्हा

अमेरिकेतल्या बहुतेक महाविद्यालयांत देशाचा इतिहास दोन सत्रांत शिकवतात. पहिले सत्र वसाहतींपासून सुरू होते आणि यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ला, नाहीतर त्यानंतरच्या पुनर्रचनेच्या अखेरीस, १८७७ला थांबते. टेक्सासमध्ये सरकारी महाविद्यालयातून पदवी घ्यायची तर अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट तास राज्याच्या कायद्यानेच सक्तीचे आहेत. म्हणजे पुढे अभियंता किंवा परिचारिका होणारी मुलेही या वर्गात येऊन बसतात, आणि इतिहास या विषयाशी त्यांच्यातल्या अनेकांची ती शेवटची भेट असते. गेल्या साठ वर्षांत या आरंभीच्या काळावर जेवढे कसदार संशोधन झाले, तेवढे इतिहासाच्या फार थोड्या शाखांच्या वाट्याला आले असेल. वर्गात पोचताना मात्र त्या संशोधनाचा कणा मोडतो. राजकीय इतिहास एका आठवड्यात, सामाजिक इतिहास दुसऱ्या आठवड्यात, असे त्याचे तुकडे पडतात.

ही फाळणी कशी झाली हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स बिअर्ड यांनी राज्यघटनेचा आर्थिक अन्वयार्थ लावणारे पुस्तक प्रसिद्ध केले. घटना लिहिणाऱ्या अनेकांजवळ सरकारी कर्जरोखे होते आणि बळकट केंद्र सरकार आले की त्या रोख्यांचे मोल वाढणार होते, हे बिअर्ड यांनी नावानिशी दाखवले. १९५०च्या दशकात रॉबर्ट ब्राउन आणि फॉरेस्ट मॅकडॉनल्ड यांनी त्यांचा पुरावा एकेक करून तपासला. रोखे असलेले एका बाजूला आणि जमीन असलेले दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी टिकत नाही हे तेव्हा स्पष्ट झाले. मग १९६७मध्ये बर्नार्ड बेलिन यांचे क्रांतीच्या वैचारिक मुळांविषयीचे पुस्तक आले. १७५० ते १७७६ या काळात ब्रिटनशी चाललेल्या वादावर वसाहतींत चारशेहून अधिक पुस्तिका छापल्या गेल्या होत्या. बेलिन यांनी त्या मन लावून वाचल्या आणि एक साधी पण तोवर कोणी गंभीरपणे न घेतलेली गोष्ट मांडली: ही माणसे जे लिहीत होती त्यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. सत्ता स्वभावतःच स्वातंत्र्य गिळायला टपलेली असते, ही त्यांची भीती खरी होती. दोन वर्षांनी त्यांचे विद्यार्थी गॉर्डन वुड यांनी हाच धागा राज्यघटनेपर्यंत नेला.

ही पुस्तके आजही वाचावीत. त्यातही बेलिन यांचे. मात्र त्यांची माणसे वाचतात, लिहितात, संशय घेतात. ती कोणाच्या कर्जात आहेत आणि त्यांचा स्वयंपाक कोण करते हे त्या पानांवर दिसत नाही. हे दाखवायला लगोलग दुसरी, सामाजिक इतिहासाची फळी उभी राहिली. १९७०मध्ये डेडम, अँडोव्हर, प्लिमथ अशा न्यू इंग्लंडमधल्या वस्त्यांवर एकापाठोपाठ पुस्तके आली. चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीची खाती यांतून लग्नाचे वय, मुलांची संख्या, वाटण्या असे सगळे बाहेर आले. गॅरी नॅश यांनी बंदरांच्या शहरांतले कारागीर आणि खलाशी समोर आणले. १९८०मध्ये मेरी बेथ नॉर्टन आणि लिंडा कर्बर यांनी क्रांतिकाळातल्या स्त्रियांचा इतिहास लिहिला. या कामाने इतिहासात माणसे आणली, हे निर्विवाद. तरीही गावांच्या अभ्यासांतली बरीच पुस्तके राज्यघटना जिथे लिहिली गेली त्या फिलाडेल्फियाच्या सभागृहात काय घडले याच्याशी नाते जोडल्याविनाच संपतात.

या विषयातली खरी थोर पुस्तके मला या दोन्ही फळ्यांच्या मध्ये सापडतात, आणि त्या प्रत्येकात एक समान जागा आहे. त्यांत कायदा घराच्या आत शिरताना दिसतो.

एडमंड मॉर्गन यांचे १९७५चे पुस्तक घ्या. स्वातंत्र्याची सर्वांत सुंदर भाषा बोलणारे वॉशिंग्टन, जेफरसन आणि मॅडिसन गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या व्हर्जिनियातूनच का आले, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तरासाठी ते तंबाखूच्या मळ्यांत, करारबद्ध गोऱ्या नोकरांत आणि १६७६च्या बेकनच्या बंडात उतरले. अस्वस्थ, सशस्त्र, भूमिहीन गोऱ्यांची भीती वाटू लागलेल्या मळेवाल्यांना आफ्रिकन गुलाम अधिक सोयीचे ठरले. मग गरीब गोऱ्याला श्रीमंत गोऱ्याच्या बरोबरीचा मान देणे परवडू लागले. मॉर्गन यांच्या कालक्रमावर नंतर आक्षेप आले आणि त्यातले काही रास्त आहेत. पण एकाचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचे दास्य एकाच मातीत वाढले, ही त्यांची मांडणी आजही बाजूला सारता येत नाही.

लॉरेल थॅचर उलरिक यांच्या १९९०च्या पुस्तकावर मात्र थांबायलाच हवे. मार्था बॅलर्ड ही मेनमधल्या हॅलोवेलची सुईण. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. तिने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहिली. हवा कशी होती, नदी कुठे ओलांडली, कोणाकडे बाळंतपण झाले, मोबदला काय मिळाला, मुलींनी किती कापड विणले, अशा तुटक ओळी. ८१६ जन्मांची नोंद तिने केली. उलरिक यांच्याआधीच्या अभ्यासकांनी ही रोजनिशी पाहिली होती आणि किरकोळ तपशिलांचे भारूड म्हणून बाजूला ठेवली होती. उलरिक यांनी त्या किरकोळ ओळींच्या शेजारी न्यायालयाची, कराची, जमिनीची कागदपत्रे मांडली आणि एका गावाची सगळी सत्तारचना उलगडत गेली.

एकच प्रसंग सांगतो. अविवाहित स्त्रीच्या प्रसूतीवेळी सुईणीने तिला बाळाच्या बापाचे नाव विचारायचे, असा मॅसॅच्युसेट्समधला कायदेशीर प्रघात होता. कळा सोसत असताना ती खोटे बोलणार नाही, ही त्यामागची समजूत. त्या वेळी घेतलेल्या नावावर ती ठाम राहिली, तर त्या पुरुषावर मुलाच्या पोषणाचा भार टाकता येत असे. १७९१च्या ऑक्टोबरात सॅली पिअर्स नावाच्या तरुणीने नाव घेतले ते मार्थाच्याच मुलाचे, जोनाथनचे. मार्थाने ते रोजनिशीत लिहिले. पुढच्या फेब्रुवारीत सॅली आणि जोनाथन यांचे लग्न झाले. साक्षीदार, सासू आणि राज्याची प्रतिनिधी या तिन्ही नात्यांनी एक स्त्री बाळंतिणीच्या खोलीत उभी आहे. या प्रसंगाला सामाजिक इतिहास म्हणायचे की राजकीय? मला तरी यात भेद करता येत नाही. ज्या वर्गात ही नोंद नीट वाचली जाते, तिथे राज्यसत्ता म्हणजे काय हे घटनेचे कलम पाठ करण्यापेक्षा कितीतरी खोल कळते.

ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७मध्ये जेफरसन आणि त्यांच्या मालकीची गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्यावर लिहिले ते वकिलाच्या शिस्तीने. सॅलीचा मुलगा मॅडिसन याची आठवण १८७३मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्रात छापून आली होती. जेफरसन हेच आपले वडील, असे त्याने स्वच्छ सांगितले होते. इतिहासकारांनी त्याची साक्ष झटकली आणि जेफरसन यांच्या गोऱ्या नातवंडांचा नकार मात्र प्रमाण मानला. गॉर्डन-रीड यांनी पुराव्याचे हे दुटप्पी मोजमाप उघडे केले. पुढच्याच वर्षी डीएनए चाचणीने जेफरसन घराण्याशी असलेला संबंध दाखवला, पण चाचणी नसती तरी त्यांचा युक्तिवाद उभा राहिला असता. या सगळ्या कथेच्या तळाशी १६६२चा व्हर्जिनियाचा कायदा आहे: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बापाने आपलीच मुले मालमत्ता म्हणून बाळगावीत, याला मुभा या एका वाक्याने दिली.

मॅडिसन हेमिंग्जची आठवण छापली गेली त्याच १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. तरुणपणी, १८४७च्या सुमारास, त्यांनी थॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते. पेन म्हणजे १७७६च्या जानेवारीत आपल्या पुस्तिकेने वसाहतींना स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणणारा लेखक. फुल्यांनी पेन यांचा विचार आणि गुलामांची मुक्ती या गोष्टी एकाच प्रश्नाच्या बाजू म्हणून वाचल्या. अमेरिकन विद्यापीठांतल्या दोन फळ्यांना तसे वाचायला पुढे शतकभर लागले.

एरिका आर्मस्ट्राँग डनबार यांचे ओना जजवरचे २०१७चे पुस्तक याच परंपरेतले. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यातली तरतूद अशी होती की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर तो स्वातंत्र्य मागू शकेल. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राजधानी फिलाडेल्फियात राहत होते, आणि ती मुदत भरू नये म्हणून घरातल्या गुलामांना मधूनमधून राज्याबाहेर पाठवत. १७९६मध्ये त्यांच्यातलीच ओना जज त्या घरातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न वॉशिंग्टन यांनी केले, ते फसले. १८४८मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती मुक्त नव्हतीच.

मूळ रहिवाशांच्या इतिहासाने या विषयाचा नकाशाच बदलला. ग्रेट लेक्सच्या प्रदेशात कोणा एकाचीच हुकमत नसताना फ्रेंच आणि आदिवासी यांनी मिळून कशी समाईक रीत घडवली हे रिचर्ड व्हाइट यांनी १९९१मध्ये दाखवले. डॅनिअल रिक्टर यांनी पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जागेवरून, तीच कथा सांगितली. पेका हामालाइनेन यांनी कोमांची या मूळ रहिवाशांच्या जमातीचेही एक साम्राज्य होते असे मांडले, तर नेड ब्लॅकहॉक यांच्या २०२३च्या पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. हा विस्तार आवश्यक होता. तरी पंधरा आठवड्यांच्या सत्रात सांता फे, क्वेबेक, बार्बाडोस आणि बॉस्टन सगळे बसवताना सत्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी सरकली, हा धागा विद्यार्थ्याच्या हातून सुटतो. वुडी होल्टन यांचे १९९९चे पुस्तक इथे फार उपयोगी पडते. १७६३मध्ये ब्रिटिश राजाने ॲपलाचियन डोंगरांपलीकडची जमीन वसाहतवाल्यांना बंद केली, मागे आदिवासींचा दबाव होता, आणि जमिनीच्या सट्ट्यात गुंतलेले व्हर्जिनियाचे पुढारी त्यामुळे बिथरले. दूरचा प्रदेश आणि स्वातंत्र्याचा ठराव इथे एका साखळीत येतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन बंदी उतरल्याला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने '१६१९ प्रोजेक्ट' काढला. गुलामगिरी टिकवणे हे वसाहतींच्या स्वातंत्र्यघोषणेमागचे एक मुख्य कारण होते, या त्यातल्या विधानावर वुड यांच्यासह पाच इतिहासकारांनी जाहीर आक्षेप घेतला. २०२०च्या मार्चमध्ये वृत्तपत्राने ते विधान 'काही' वसाहतवाल्यांपुरते मर्यादित केले. ट्रम्प सरकारच्या आयोगाने २०२१च्या जानेवारीत १७७६च्या नावाने उत्तर दिले; ते घाईचे आणि कच्चे होते. मला या वादात सर्वांत खटकते ते हे की, आधीच लिहून झालेले उत्तम काम त्यात जवळजवळ अदृश्य झाले. १७७५च्या नोव्हेंबरात गव्हर्नर डनमोर यांनी ब्रिटिशांच्या बाजूने लढायला येणाऱ्या, बंडखोरांच्या गुलामांना मुक्ती देऊ केली, तेव्हा व्हर्जिनियाचे मळेवाले भडकले. आणि १७८१मध्ये एलिझाबेथ फ्रीमन हिने मॅसॅच्युसेट्सच्या नव्या घटनेतल्या समतेच्या आधारावर न्यायालयात स्वतःचे स्वातंत्र्य मिळवले. दोन्ही गोष्टी त्याच क्रांतीत घडल्या. कोणता एक सन निवडायचा, या प्रश्नात त्या मावत नाहीत.

साधनांची आता टंचाई नाही. 'फाउंडर्स ऑनलाइन'वर २०१३पासून वॉशिंग्टन, ॲडम्स, फ्रँकलिन, जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन यांचे कागद कोणालाही फुकट वाचता येतात. 'अमेरिकन यॉप'सारखे मोफत पाठ्यपुस्तक आहे. येल विद्यापीठातली जोआन फ्रीमन यांची क्रांतीवरची व्याख्याने पुण्यात किंवा न्यूजर्सीत बसून ऐकता येतात. उणीव आहे ती निवडीत. ॲबिगेल ॲडम्स यांनी १७७६च्या मार्चमध्ये नवऱ्याला स्त्रियांची आठवण ठेवायला सांगणारे पत्र लिहिले. स्त्रियांच्या आठवड्यात ते हमखास नेमलेले असते. त्याच बाईंनी पुढे, नवऱ्याचा ओढा जमिनीकडे असतानाही, भाव पडलेले सरकारी रोखे विकत घ्यायचा आग्रह धरला. तेव्हाच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीच्या नावावर मालमत्ता नसे, तरी त्या काही पैसा स्वतःचा मानत, आणि १८१६मध्ये, नवरा हयात असताना, त्यांनी स्वतःचे मृत्युपत्र केले. हे होल्टन यांनी २००९च्या चरित्रात सविस्तर मांडले आहे. बिअर्ड यांचे रोखे, कर्बर आणि नॉर्टन यांच्या स्त्रिया आणि बेलिन यांनी वाचलेली स्वातंत्र्याची भाषा, सगळे या एका घरात आहे. ती रोख्यांची पत्रे मी पाहिलेल्या अभ्यासक्रमांच्या वाचनयाद्यांत नव्हती. मार्चच्या पत्राला लागूनच, त्याच आठवड्यात, ती नेमायला हवीत.