फॉर्म कोणापर्यंत पोचला नाही?

संशोधनपद्धती ऑनलाइन शिकायची तर आज ‘स्वयम्’ आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या मंचावरच्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी पुणं गाठावं लागत नाही, हे काही थोडं नाही.

माझी हरकत आहे ती मूल्यमापनाला. ‘नमुना म्हणजे काय?’ याचं उत्तर चार पर्यायांतून निवडलं, की शिकणं झालं असं आपण धरतो. मग तोच विद्यार्थी व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवतो आणि शीर्षक देतो ‘खान्देशातील शेतमजुरांचे मत’. स्मार्टफोन नसलेली, घरात अहिराणी बोलणारी साक्रीकडची मजूर बाई त्यात आली कुठून?

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले. १९२६ साली ते धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथं आहे. साधन आपल्या दारात चालत येत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

म्हणून अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याकडून दोनच गोष्टी मागा : त्यानं केलेला फॉर्म, आणि तो कोणापर्यंत पोचला नाही याबद्दल अर्धं पान. ते अर्धं पान बहुतेकांना लिहिता आलं नाही, तर नापास अभ्यासक्रम झाला असं समजा.