अर्धा कोयता

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे पेढी काढायला कमीत कमी दोन माणसे लागतात. बी.कॉम.ला हे वाक्य मी इतक्या वेळा घोकले, की लग्नात भटजींनी ‘सावधान’ म्हटले तेव्हाही मला तेच आठवले. पण कायद्यातली ही किमान संख्या घेऊन कोणी गाण्याचा बँड काढील आणि तो जगभर चालवून दाखवील, हे आमच्या सरांनी कधी सांगितले नव्हते.

आमच्या बीड जिल्ह्यात बँड माणसांवर मोजतात. सुपारी देतानाच पहिला प्रश्न, ‘‘कितीचा हाय?’’ अकराचा म्हटले की वरबापाचे तोंड उतरते, एकवीसचा म्हटले की वधूपित्याचे. हल्ली डीजे आला. त्यात माणसे नसतात, पण मोजायची सवय जात नाही, म्हणून लोक पेट्या मोजतात. अशा मुलखात, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी राहून मी अमेरिकेतल्या डेट्रॉइट गावच्या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या दोन माणसांच्या बँडवर लिहायला बसलो आहे, याचे श्रेय चिरंजीवांना. ते पुण्याला शिकतात. निदान फी तरी तिथे जाते. तिथून ते अधूनमधून मोबाइलवर गाणी पाठवतात. ‘‘बाबा, हे ऐका. गॅरेज रॉक आहे.’’

गॅरेज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे परळी रस्त्यावरची जीप आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय आले. तिकडे गॅरेज म्हणजे घराला चिकटून असलेली मोटार ठेवायची खोली. १९६०च्या दशकात तिथल्या पोरांनी बापाची मोटार बाहेर काढून त्या खोलीत गिटारी आणि ढोल बडवायला सुरुवात केली. पैसा नाही, तालीम बेताची, पण हौस दांडगी. त्यातून जे खरबरीत, घाईचे, कानाला ओरखडे काढणारे संगीत निघाले, ते गॅरेज रॉक. तीस-पस्तीस वर्षांनी डेट्रॉइटच्या या दोघांनी तेच पुन्हा मांडले. फरक एवढाच, की पहिल्या पोरांना जे परवडत नव्हते, ते या दोघांनी मुद्दाम नाकारले.

पेढीचे भागीदार असे. पहिला जॉन अँथनी गिलिस, जन्म १९७५, दहा भावंडांत धाकटा, धंदा खुर्च्या-कोचांना गाद्या-कापड चढवण्याचा. दुसरी मेगन व्हाइट, हॉटेलात काम करणारी. १९९६ साली दोघांनी लग्न केले आणि नवऱ्याने बायकोचे आडनाव घेतले. जॉनचा झाला जॅक व्हाइट. आमच्या शाखेत लग्न झालेल्या बाईला आडनाव बदलायचे तर आम्ही चार कागद मागतो आणि पाचवा विसरला म्हणून परत पाठवतो. पण बाप्याने आडनाव बदलून आणले, तर आमचे साहेब रजेवर जातील. त्याला आमच्या फॉर्मात रकानाच नाही.

१९९७ साली मेग गंमत म्हणून नवऱ्याच्या ड्रमवर बसली आणि बँड सुरू झाला. पुढे २००० साली घटस्फोट झाला, पण पेढी चालूच राहिली. वर हे दोघे जगाला सांगू लागले, की आम्ही भाऊ-बहीण आहोत. वर्तमानपत्रवाल्यांनी लग्नाचा आणि घटस्फोटाचा दाखला शोधून छापला, तरी जॅकराव आपले ‘थोरली बहीण’च म्हणत राहिले. केवायसीच्या दृष्टीने हे प्रकरण अत्यंत गंभीर आहे. संगीताच्या दृष्टीने मात्र मला ते हुशारीचे वाटते. नवरा-बायको म्हटले की लोक गाण्याऐवजी भांडण ऐकू लागतात.

आता माल पाहू. एक गिटार, एक ड्रम, एक गळा. कधी पियानो. रॉकच्या बँडमध्ये बेस नावाची जाड आवाजाची गिटार असतेच. घराला जोते असते तशी. ती इथे नाही. कपडे लाल, पांढरे, काळे. चौथा रंग नाही. २००० सालच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘द स्टाइल’, म्हणजे सरळ रेषा आणि मोजके रंग एवढ्यावर भागवणाऱ्या डच चित्रकार-वास्तुकारांच्या चळवळीचे नाव. ही मुद्रिका जॅकच्या घरच्या बैठकीच्या खोलीत मुद्रित झाली. २००३ सालची ‘एलिफंट’ लंडनच्या ज्या छोट्या स्टुडिओत झाली, तिथे १९६३ नंतरचे यंत्र वापरायचे नाही असा नेम होता, आणि कॉम्प्युटरला तर उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. (ही मुद्रिका आमच्या हेड ऑफिसला पाठवावी म्हणतो. ‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्याशिवायही कामे होतात, हे कोणीतरी त्यांना वाजवून दाखवायला हवे.)

त्याच ‘एलिफंट’मध्ये ‘सेव्हन नेशन आर्मी’ आहे. तुम्ही इंग्रजी गाणी ऐकत नसलात तरी हे ऐकलेले आहे. फुटबॉलच्या सामन्यात हजारो माणसे एका सुरात ‘ओऽ ओ ओ ओ ओऽ’ करतात, ते हेच. २००३ साली बेल्जियमच्या ब्रुज क्लबचे पाठीराखे मिलानला गेले होते, त्यांनी ते उचलले. २००६चा विश्वचषक इटलीने जिंकला तेव्हा अवघा देश ते रस्त्यावर ओरडत होता. अवघे सात सूर. आणि गंमत म्हणजे ते ऐकताना कोणीही शपथेवर सांगेल की ही बेस गिटार आहे. नाही! साधीच गिटार आहे, पायाखालच्या एका खटक्याने तिचा आवाज एक सप्तक खाली उतरवला आहे. ज्याने ‘माझ्याकडे बेस नाही’ म्हणून नाव कमावले, त्याचे सगळ्यांत गाजलेले गाणे बेसचा भास करून उभे आहे. ऑडिटर म्हणून मी इथे लाल शेरा मारला असता. श्रोता म्हणून मारत नाही, कारण गाण्याची ताकद त्या सात सुरांत जेवढी आहे तेवढीच त्यांच्याखाली ‘ढुम्, ढुम्, ढुम्, ढुम्’ करत न वाढता न घटता चालणाऱ्या ड्रममध्ये आहे. तो ड्रम मेगचा.

मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते.

जॅक व्हाइटला सगळ्यांनी डोक्यावर घेतले. घ्यावेच, माणूस गिटारीतून असा आवाज काढतो, की जणू पत्र्याची पेटी फरशीवरून ओढतो आहे आणि पेटीच रडते आहे. पण मेगबद्दल वीस-पंचवीस वर्षे एकच टुमणे: तिला वाजवता येत नाही, लहान पोरासारखी बडवते. २०२३ साली एका अमेरिकन पत्रकाराने पुन्हा तेच लिहिले, की बरा ड्रमवाला असता तर हा बँड कुठल्या कुठे गेला असता. लोक इतके खवळले की त्याला माफी मागावी लागली.

हे वाचले तेव्हा मला आमच्याकडचा कोयता आठवला. बाहेरच्यांसाठी खुलासा करतो. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होतात आणि माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथे मजूर माणसांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची ती बहुतेक बाप्यानेच, हिशेब व्हायचा तोही त्याच्याशी. आमच्या काउंटरवर पैसे भरायला तोच येतो, आणि बाई मागे डोक्यावरचा पदर सारखा करत उभी असते. ऊस तिनेही तोडला, मोळ्या तिने बांधल्या, डोक्यावरून ट्रकवर तिने चढवल्या. आमच्या कॅशियरने एकदा अशाच एकाला विचारले, ‘‘काय हो, बाईंच्या नावानं खातं नाही काढायचं?’’ तर तो अगदी सरळ मनाने म्हणाला, ‘‘कशापायी? एकच कोयता हाय की!’’

‘सेव्हन नेशन आर्मी’ वर लेखक म्हणून नाव जॅकचे आहे.

मेगला वाजवता येत नाही म्हणणाऱ्यांनी ‘द हार्डेस्ट बटन टु बटन’ ऐकावे. सुरुवातीला ड्रमचा एकच ठोका सरळ चालत येतो, ना उडी, ना नक्षी, आणि जॅकची गिटार त्याच्यावर येऊन बसते. हीच जागा एखाद्या तयारीच्या ड्रमवाल्याने भरली असती. आणि तिथेच घात झाला असता! या संगीतात जे ऐकायचे आहे ते दोन आवाजांमधल्या मोकळ्या जागेत आहे. जॅक चवताळून कुठेही धावू शकतो, कारण परत यायला एक खुंटा पक्का ठोकलेला आहे. नंतर त्याने ‘द रॅकन्टर्स’ काढला, ‘द डेड वेदर’ काढला, स्वतःच्या नावाने मुद्रिका काढल्या. वादक एकापेक्षा एक सरस. मी त्याही ऐकल्या. सगळे जागच्या जागी आहे, आणि मला दर वेळी वाटते, खोलीत सामान फार झाले.

योगेश्वरीच्या नवरात्रात आमच्याकडे गोंधळ होतो. संबळवाला घुमवत असतो, कथा सांगणारा रंगात येतो, लोक त्यांच्याकडे बघतात. बाजूला एक जण तुणतुणे धरून उभा असतो. एक तार, एक सूर, रात्रभर. त्याच्याकडे कोणी बघत नाही, उलट मराठी भाषेने त्याचा वाक्प्रचार करून शिवीसारखा वापरला आहे. तो दहा मिनिटे थांबला तर संबळवाल्याला तहान लागल्याचे आठवेल.

एका सुरावरून आठवले. २००७ साली या दोघांनी कॅनडाच्या प्रत्येक प्रांतात कार्यक्रम केले, आणि न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स गावी भर रस्त्यावर जाहीर कार्यक्रम केला तो एका सुराचा. जमलेल्या गर्दीपुढे एकदा ‘झँग’ केले, नमस्कार केला आणि गेले. टाळ्या सुराहून लांबल्या. आमच्याकडे असे कोणी केले असते तर सुपारीचे पैसे, शाल, श्रीफळ, तिन्ही परत मागितली असती.

त्याच साली, ३१ जुलैला, त्यांचा शेवटचा पूर्ण कार्यक्रम झाला. मेगला लोकांपुढे जाण्याची धास्ती असह्य होऊ लागली होती; पुढचे दौरे रद्द झाले. २ फेब्रुवारी २०११ ला बँड संपल्याचे जाहीर केले. कायदाही हेच सांगतो: दोघांच्या पेढीतून एक बाहेर पडला की पेढी आपोआप विसर्जित. दुसरा ड्रमवाला आणून त्याच पाटीखाली दुकान चालवता आले असते, पैसाही मिळाला असता. जॅकने तसे केले नाही, हे मी त्याच्या खात्यात जमेला धरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉकवाल्यांच्या सन्मानगृहात बँडचा समावेश झाला. स्वीकारायला जॅक एकटाच उभा होता. मेग आली नाही.

कोयत्याच्या हिशेबात याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापतात. मुकादम सोडून बाकी सगळ्यांनी एकदा ‘एलिफंट’ ऐकावी. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात ड्रम पोचत नाही, नुसता जॅक ओरडतो. शेजाऱ्याचा मोठा स्पीकर मागून आणा. आमच्या शेजाऱ्यांनी तिसऱ्या गाण्याला दार वाजवले, आणि तेसुद्धा, मला वाटते, तालात होते.