निरंक : गावपातळीवरील बालसंरक्षणाच्या देखरेखीची चिकित्सा

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीची नोंदवही मला वाचायला मिळाली. गावाचे नाव देत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. सभा वेळेवर झालेल्या, सह्या पूर्ण, आणि 'प्राप्त तक्रारी' या रकान्यात दर वेळी एकच शब्द : निरंक. त्याच वर्षी त्या गावच्या शाळेतली नववीची एक मुलगी दिसेनाशी झाली होती. पटावर तिचे नाव तसेच होते. पुढे कळले, तिचे लग्न झाले. लग्नाला गाव जेवला होता. वहीत सह्या करणारेही पंगतीत होते. या लेखात मला त्या 'निरंक'चाच विचार करायचा आहे.

कागदावरची रचना नेटकी आहे. २००९ साली केंद्राने एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे आजचे 'मिशन वात्सल्य'. गावात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती. तिच्यात अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्यसेविका आणि मुलांचे दोन प्रतिनिधी. वर तालुका समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल कल्याण समिती. बालविवाह रोखण्यासाठी ग्रामसेवक हाच प्रतिबंधक अधिकारी. मग अडते कुठे?

पहिली अडचण नात्यागोत्याची. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे तेच मतदार, भावकी आणि सोयरे. सरपंचाने लग्न थांबवायचे म्हणजे पुढची निवडणूक पणाला लावायची. अंगणवाडी सेविका तर मानधनावर काम करणारी. तिने लिहायचे ते गावातल्या वजनदार घराविरुद्ध, आणि दुसऱ्या दिवशी पोषण आहार वाटायचा तो त्याच गल्लीत. म्हणून 'गावातले गावात मिटवू' हा मार्ग सगळ्यांना सोयीचा वाटतो. पण लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मिटवणे हाच गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असून पोलिसांना न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समितीच्या बैठकीत हे कलम वाचून दाखवलेले मी तरी पाहिले नाही.

दुसरी अडचण गावाच्या व्याख्येची. ती मला गडमुडशिंगीत राहताना उमगली. करवीर तालुक्यातले हे गाव कोल्हापूर शहरालगतचे. शेजारी विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, आणि शिवारात ऊस. अशा गावात मुले तीन तऱ्हांची असतात : घरची, भाड्याच्या खोलीतली आणि हंगामापुरती आलेली. दिवाळीच्या आगेमागे बीड-धाराशिवकडून ऊसतोड मजूर या पट्ट्यात उतरतात. उचल घेतलेले जोडपे म्हणजे एक कोयता. जोडी जुळवण्यासाठी मुलींची लग्ने लवकर उरकतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कोपीतली दहा वर्षांची पोर धाकट्याला सांभाळत बसते. ती मूळ गावच्या यादीत असते, पण तिथे नसते. इथे असते, पण यादीत नसते. दोन्ही वह्या तिच्यापुरत्या निरंक.

शाळेने या प्रश्नावर निदान एक उपाय शोधला : स्थलांतरित मुलाबरोबर जाणारे शिक्षण हमी पत्रक. बालसंरक्षणातही गावाने गावाला कळवायची अशी साधी सवय लागायला हवी.

तिसरी अडचण वरच्या देखरेखीची. बालगृहांसाठी कायद्याने निरीक्षण समिती सांगितली आहे : किमान तीन सदस्य, त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी, आणि तीन महिन्यांतून किमान एक भेट. गावसमितीची तपासणी मात्र माझ्या पाहण्यात बैठकांच्या आकड्यांवरच थांबते. बैठका झाल्या म्हणजे काम झाले.

हा केवळ गरीब देशाचा आजार नाही. इंग्लंडमधल्या रॉदरहॅममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १४०० मुलांचे लैंगिक शोषण झाल्याचा अंदाज ॲलेक्सिस जे यांच्या २०१४ च्या अहवालाने दिला. तिथे पगारी समाजसेवक होते, नगरपरिषद होती, अहवालही वेळोवेळी आले होते. अवघड प्रश्न विचारणे मात्र टाळले गेले. अखेर २०१५ मध्ये सरकारला परिषदेचा कारभार आयुक्तांच्या हाती द्यावा लागला.

आपल्याकडे जुना धडा आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंड करायचा तर कोणाचे मूल आले नाही, हे आधी शोधावे लागते. सक्तीचे खरे बळ त्या शोधण्यात होते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. 'निरंक' लिहिण्याआधी चार आकडे लिहावेत : गावात आज अठराखालची मुले किती, महिनाभर शाळेत न दिसलेली किती, बाहेरून आलेली किती, बाहेर गेलेली किती. हे आकडे महिला सभेत आणि ग्रामसभेत वाचावेत. नावे मात्र नकोत, कारण मुलाची ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहे. आणि वर्षातून एकदा शेजारच्या गावच्या समितीने ही वही तपासावी. तिला इथली भावकी आड येणार नाही.

यावर आक्षेप येईल की अशी पाहणी शेवटी गरिबाच्याच झोपडीत शिरेल. धोका खरा आहे. पण कायदा कुटुंबालाच पहिली जागा देतो. संस्था हा शेवटचा उपाय. समितीने कोपीपाशी जायचे ते मूल उचलायला नव्हे, तर त्याला शाळा मिळवून द्यायला, आणि पालक गमावलेल्याचा दरमहा २,२५० रुपयांच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून द्यायला. मदत घेऊन येणाऱ्यालाच लोक दुखणे सांगतात.

त्या मुलीचे नाव पुढच्या वर्षी पटावरून कमी झाले. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : सतत गैरहजर. आदल्या वर्षी समितीतल्या कोणी ती का येत नाही एवढे विचारले असते, तर वहीतला तो रकाना निरंक राहिला नसता.