कासव, कासवी आणि कूर्म

वाचक माउली, आधी एक खुलासा. आमचा शिळफाटा खोपोलीचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. कल्याणच्या वाटेवरचा तो दुसरा. वर्तमानपत्रात 'शिळफाट्यावर वाहतूक कासवगतीने' असे छापून आले की नातेवाईक मला फोन करतात. मी सांगतो, ते कासव आमचे नव्हे. (सुट्टीच्या दिवशी घाट तुंबला की आमच्याकडेही असतेच, पण ते असो.)

हा 'कासवगती' शब्द मात्र डोक्यातून जाईना. रोजच्या बोलण्यात आपल्याला कासव आठवते कधी? गाडी अडली की, किंवा कचेरीतला कागद हलेनासा झाला की. सशाच्या गोष्टीत ते जिंकले, पण बोलण्यात हरलेलेच राहिले. आपली भाषा एवढी गरीब नाही. या एकाच जिवाला तिच्यात तीन लिंगांची तीन नावे आहेत आणि तिघांची कामे वेगळी आहेत.

'तो' कूर्म. मंदराचल पाठीवर घेणारा अवतार तोच, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 58 व्या श्लोकात अवयव आत ओढून घेणाराही तोच. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते ते इंद्रिये आवरून आत या, हे सांगायला. हल्ली पितळी कासव पाण्याच्या ताटलीत ठेवतात, का तर घरात पैसा यावा! संयमाच्या खुणेलाच हाव सांगायची, याला काय म्हणावे? काहीजण जिवंत कासव आणून पाळतात. आपल्याकडची कासवे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती अशी धरून ठेवणे गुन्हा आहे, एवढे तरी ध्यानात असू द्या.

'ते' कासव म्हणजे आपले रोजचे, हळू चालणारे.

आणि 'ती' कासवी. व्यवहारात हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. तो राहिला फक्त संतवाङ्मयात. कासवी पिल्लांना दूध देत नाही, अंगाशी घेत नाही, पैलतीरावरून नुसती पाहते आणि त्या नजरेने पिल्ले वाढतात, ही उपमा आपण सर्वांनी ऐकली आहे. मी ती चाळीस वर्षे सांगितली. वर पदरचा चमचमीतपणा घातला की गाईला कास असते, हिला ती नाही, म्हणून ही 'कासव'! टाळ्या मिळत. व्युत्पत्ती साफ चुकीची होती. संस्कृत 'कश्यप' प्राकृतातून घासत आला आणि आपला 'कासव' झाला. कासेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अलीकडे एका सप्ताहात तरुण कीर्तनकारांनी याहून पुढची मजल मारली. 'कासवीच्या नजरेतल्या किरणांनी पिल्लू वाढते हे आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केले आहे,' असे ते म्हणाले. माझी नात शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, 'आजोबा, असे नसते.' मार्चमध्ये ती मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला घेऊन गेली.

तिथे जे कळले ते असे. समुद्रकासवी रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि त्याच रात्री समुद्रात परत जाते. मागे वळून येत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात, तेव्हा आई तिथे नसते. गावकरी अंडी राखतात, पिल्ले वाळूवर सोडतात. तळहाताहून लहान ती पिल्ले उजेडाच्या रोखाने पाण्याकडे निघाली. मी बघत राहिलो. घशाशी काहीतरी आले.

मग उपमा खोटी ठरली का? त्या रात्री झोप लागली नाही. चकोर चांदणे पीत नाही, हे कळल्याने ओवी पडली नाही. हा कविसंकेत आहे, प्राणिशास्त्र नव्हे. पुरावा आपल्याच ग्रंथांत आहे. कुलार्णव तंत्रात दीक्षेचे तीन प्रकार सांगताना पक्षीण स्पर्शाने, मासळी दृष्टीने आणि कासवी केवळ ध्यानाने पिल्ले पोसते, असे म्हटले आहे. म्हणजे तिथे दृष्टी मासळीची! संतांनी ती कासवीला दिली. का दिली? मला वाटते, आपला देव विटेवर हात कमरेवर ठेवून उभा आहे. तो उचलून घेत नाही, भरवत नाही. इतके दिवस चालून गेल्यावर गर्दीच्या दिवशी मिळते ती क्षणाची नजर. तेवढ्यावर वारकरी वर्ष काढतो. या अनुभवाला जोडी हवी होती, ती कासवीत सापडली. दूध नाही, पंख नाहीत, अंगसंग नाही, तरी पिल्लू निघते आणि चालते, हे वेळासला डोळ्यांनी पाहिले. नजर तेवढी दिसली नाही. ती कासवीची नव्हतीच, पांडुरंगाची होती.

तेव्हा आक्षेप उपमेवर नाही, 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' या शेपटीवर आहे. ऐकणाऱ्या पोरांना खरे ठाऊक असते. ती शेपूट खोटी निघाली की ती अभंगावरचाही विश्वास काढून घेतात, आणि तो दोष आपल्या माथी येतो.

त्या कीर्तनकारांना मी फोन केला. ते रागावले नाहीत. 'मग बाबा, मी सांगू काय?' एवढेच म्हणाले. मी वेळासचे पाहिलेले सगळे सांगितले. कार्तिकात आळंदीची दिंडी आमच्याकडून घाट चढते, तेव्हा मुक्कामाचे कीर्तन त्यांचेच आहे. नातीला घेऊन मी पुढे बसणार आहे.