टप चढवल्यावर

उघडी स्पोर्ट्स मोटार टप मिटलेला असताना देखणी दिसतेच. लांब बॉनेट, आडवी पडलेली काच, मागे दोन डोकी आणि वर आकाश, एवढे जमले की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. रचनाकाराची खरी परीक्षा टप चढवल्यावर सुरू होते. मी अशा मोटारीला तीन प्रश्न विचारतो. टप वर असताना गाडीची रेषा टिकते का? मिटल्यावर तो जातो कुठे आणि जाताना काय खातो? आणि डोक्यावर छप्पर नसताना गाडी खड्ड्यात किती थरथरते? गेल्या पंचवीस वर्षांत या कलेने मोठी मजल मारली आहे, पण ती या तीन प्रश्नांवर मोजावी लागते.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याची सबंध पेटीच भार पेलते. छप्पर हे त्या पेटीचे झाकण. ते कापले की पेटी पिळवटते. एक चाक खड्ड्यात गेले की पुढचा भाग एकीकडे आणि मागचा दुसरीकडे जाऊ पाहतो, स्टिअरिंग हातात कापते, दाराच्या फटी करकरतात. जॅग्वारने एफ-टाइपचे आकडे दिले तेव्हा बंद कूपेची पीळ सोसण्याची ताकद अंशाला 33,000 न्यूटन-मीटर सांगितली होती. उघड्या गाडीपेक्षा ती सुमारे 80 टक्क्यांनी जास्त. ॲल्युमिनियमची नवी घडण असलेल्या, आधी उघडीच बाजारात आलेल्या गाडीतसुद्धा एवढा फरक! म्हणून दाराखालचे उंबरे जाड करायचे, पोटाखाली आडव्या-तिरक्या पट्ट्या मारायच्या, समोरच्या काचेची चौकट गाडी उलटली तरी टिकेल इतकी दणकट करायची. हे सगळे वजन वाढवते, आणि स्पोर्ट्स मोटारीत वजन हाच शत्रू.

तरीही एफ-टाइप ही या पिढीची सर्वांत सुजाण उघडी मोटार, असे माझे मत आहे. इयन कॅलम यांच्या चमूने 2012 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती उघडी म्हणून मांडली. कूपे वर्षभराने आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक कंपन्या आधी कूपे आखतात आणि मग तिचे छप्पर उडवतात, त्यामुळे मागच्या बाजूला टप लपवायला कुबड येते. इथे खांद्याची रेषा मुळातच टपासाठी मोकळी सोडलेली आहे. बटण दाबून धरले की कापडी टप काचेच्या चौकटीपासून सुटतो, तीन मोडींत दुमडत मागे सरकतो आणि सीटांमागच्या खाचेत बसतो. पुढच्या भागाची पाठच वर राहते आणि तीच झाकणाचे काम करते, त्यामुळे वेगळ्या झाकणाचा पत्रा आणि मोटर वाचते. सगळे 12 सेकंदांत, ताशी 50 किलोमीटरच्या वेगापर्यंत. डिकी मात्र 200 लिटरच्या आतबाहेर उरते. पण दोघांची दोन दिवसांची सामानसुमानाची पिशवी मावते आणि टप वर असतानाही गाडी ओशाळवाणी दिसत नाही.

याच्या उलट वाट म्हणजे पत्र्याचे मिटणारे छप्पर. ही कल्पना जुनी आहे. प्यूजोने 1930 च्या दशकातच ती रस्त्यावर आणली होती. मर्सिडीजच्या एसएलके या गाडीने 1996 मध्ये तिला नवे आयुष्य दिले आणि पुढची पंधरा वर्षे ती फॅशनच झाली. मर्सिडीजच्याच एसएलने ती उचलली, बीएमडब्ल्यूच्या झेड4 ने उचलली. फेरारीने 2011 मध्ये 458 स्पायडरमध्ये मधल्या इंजिनाच्या वर ॲल्युमिनियमचे छप्पर 14 सेकंदांत दुमडून दाखवले. यंत्र म्हणून ते थक्क करणारे आहे. पण 458 कूपेत काचेतून दिसणारे इंजिन स्पायडरमध्ये झाकले गेले; गाडीचे काळीज दिसेनासे झाले. इतर गाड्यांत तर दोन-तीन पत्रे पोटात घेण्यासाठी मागचा भाग फुगला, वजन मागे आणि वर गेले.

मग कंपन्या पुन्हा कापडाकडे वळल्या. झेड4 2018 मध्ये कापडी टपावर परतली. मर्सिडीज-एएमजी एसएलने 2021 मध्ये पत्रा सोडला आणि त्यात 21 किलो वाचवले. फेरारीने 2023 मध्ये रोमा स्पायडरला पाच थरांचा कापडी टप दिला. पुढे इंजिन असलेल्या फेरारीला असा टप 1969 नंतर प्रथमच मिळाला. पोर्शेने तर कापडाखाली मॅग्नेशियमच्या फळ्या घालून 911 च्या टपाला कूपेसारखीच गोलाई आणली. या परतीला कोणी जुन्या काळाची ओढ म्हणेल. मला ते शहाणपण वाटते. कापड हलके असते, कमी जागेत मावते आणि ते झाकणच आहे हे लपवत नाही.

मधल्या इंजिनाच्या मोटारींत प्रगती आणखी ठळक आहे. 2004 च्या लॅम्बोर्गिनी मुर्सिएलागो रोडस्टरचा टप हाताने ताणून बसवावा लागे आणि तो लावल्यावर ताशी 160 किलोमीटरच्या वर जाऊ नका, अशी ताकीद कंपनीच देई. त्याहून कितीतरी वेगवान गाडीला असले छत देणे ही रचनाकाराची हारच होती. 2018 च्या अखेरीस आलेल्या मॅक्लॅरेन 720एस स्पायडरने त्याचे उत्तर दिले. कार्बन तंतूंची कुंडी, म्हणजे माणसे बसतात तो सांगाडा, मुळातच इतकी कडक की छप्पर काढल्यावर वेगळा आधार लागला नाही. वजन कूपेपेक्षा फक्त 49 किलोंनी वाढले. मागचे दोन खांब काचेचे केल्याने चालकाला मागचेही दिसू लागले. अभियंता आणि शिल्पकार एका टेबलावर बसले की असे काम होते.

अलीकडची एक लाट मात्र मला खटकते. फेरारी मोंझा, मॅक्लॅरेन एल्वा, पिनिनफारिना बी95 अशा अतिमहाग मोटारींनी टपच काढून टाकला. बी95 ऑगस्ट 2023 मध्ये दाखवली गेली. विजेवर चालणारी, फक्त 10 नग, किंमत 44 लाख युरोंपासून. तिच्या वरखाली होणाऱ्या छोट्या काचा पाहण्यासारख्या आहेत. पण पाऊस आला तर काय, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नाही. अवघड पेपर सोडून दिल्यावर बाकीच्या पेपरांत मिळालेल्या गुणांचे कौतुक किती करायचे?

इथे मराठी वाचकाचा संबंध येतो. जॅग्वार 2008 पासून टाटांची आहे. पिनिनफारिना विकत घेण्याचा करार महिंद्रांनी 2015 मध्ये केला. म्हणजे ज्या नावाखाली एफ-टाइप झाली आणि ज्या घराने लान्सिया ऑरेलिया बी24 व अल्फा रोमिओ स्पायडर यांसारख्या उघड्या मोटारी घडवल्या, त्या दोघांची मालकी मुंबईत आहे. मालकी आली, हात मात्र इंग्लंड-इटलीतच राहिले.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. टाटांनी 2000 साली एरिया नावाचा दोन आसनी रोडस्टर नमुना दाखवला. पुढे ते नाव एका मोठ्या कुटुंबगाडीला गेले. रोडस्टर प्रदर्शनापुरताच राहिला. शेजारच्या बेंगळुरूच्या सॅन मोटर्सने 1998 च्या सुमारास फायबरच्या बॉडीची स्टॉर्म आणली, 1,149 सीसीचे रेनॉ इंजिन घालून. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर केली. फायबरची बॉडी आणि अँबॅसिडरमध्ये बसणारे 1.8 लिटरचे इसुझू इंजिन. चिंकाराचे काम मला प्रामाणिक वाटते. थोडे वजन, उघडी चाके, दिखाऊपणा नाही. पण ही सेव्हनची 1957 ची समज होती. टपाचा प्रश्न तिने पुढे नेला नाही. उरली महिंद्रा थार. ऑक्टोबर 2020 मध्ये नाशिकच्या कारखान्यातून आलेल्या थारला कापडी टपाचा पर्याय होता. तिची शिडीसारखी वेगळी चासी भार पेलते, त्यामुळे छप्पर नसल्याने तिचे फारसे बिघडत नाही. जीपच्या परंपरेला ते शोभते. मात्र टप चढवल्यावर ताशी शंभरच्या वेगात जी फडफड आणि गोंगाट होतो, तो नेमका या कलेने जिंकायचा असतो.

याचा अर्थ एवढाच की आपल्याकडे रेखाटणारे हात पुष्कळ आहेत. टप करणारे हात कोणी तयार केले नाहीत. बिजागऱ्या, कापड, रबरी पट्ट्या, उंबऱ्याची जाडी यांना आपण सुट्या भागांची कामे समजलो. खरे तर उघड्या मोटारीचे सौंदर्य तिथेच ठरते.

म्हणून मला सोलापूरविषयी बोलायचे आहे. भारतात मोटार बनवण्याचे स्वप्न पाहणारे वालचंद हिराचंद 1882 मध्ये याच शहरात जन्मले. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आज सोलापूरचीच प्रिसिजन कॅमशाफ्ट्स 1992 पासून इंजिनाचा अत्यंत काटेकोर भाग घडवते आणि तो देशाबाहेरच्या मोटार कंपन्यांकडे जातो. मिलीमीटरच्या अंशांत काम करणारी माणसे इथे आहेत. आणि कापड तर या गावाच्या हाडात आहे. जुनी मिल 1877 ची. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही अंगांनी नक्षी दिसणारी चादर हे गावाचे भौगोलिक मानांकन मिळालेले नाव.

चांगल्या टपाचे कापड तीन थरांचे असते. बाहेर घट्ट विणलेले ॲक्रिलिक, ज्याचा तंतू ओढण्याआधीच रंग त्यात मिसळलेला असतो, म्हणून ते उन्हात विटत नाही. मध्ये पाणी अडवणारे रबर. आत अस्तर. या कापडाला रोज त्याच रेषेवर घडी पडते; तिथे ते चिरले तर सगळे फुकट. कमानींमधला ताण सारखा नसेल तर वेगात कापड फुगते आणि पावसात पाणी साचते. रिक्षाचा हूड शिवणारा कारागीर लोखंडी कमानींवर रेक्झिन ताणताना हेच सांभाळतो. बाहेरचे दोन थर रसायनाचे आणि लेपाचे काम आहे. त्यासाठी वेगळी यंत्रे आणि भांडवल लागेल. अस्तर मात्र विणकराचे काम आहे. टपाचा जो भाग बसलेल्या माणसाच्या डोक्यावर असतो, तो जगभर करड्या किंवा काळ्या रंगात गुपचूप उरकलेला दिसतो. तिथे जॅकार्डला वाव आहे.

हवामानही साथ देते. मे महिन्यात सोलापुरात पारा 43-44 अंशांवर जातो, धूळ बारीक असते, आणि जूनची पहिली सर तापलेल्या कापडावर पडते. जर्मनीतल्या गारव्यात आखलेल्या टपाची इथे जी कसोटी लागेल, ती प्रयोगशाळेत लावायला पैसे पडतात.

वालचंद इन्स्टिट्यूटसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये गावात आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा भविष्यातल्या मोटारीचे चित्र काढण्याऐवजी थारच्या मापाचा एक टप घ्यावा: बिजागऱ्यांची गती मांडावी, कमानी वाकवाव्यात, विणकराकडून अस्तर घ्यावे आणि तो ताशी शंभरच्या वेगात फडफडणार नाही असा करून दाखवावा. टाटा आणि महिंद्रांनी आपल्या परदेशी घरांतले चार कारागीर अशा कामाला शिकवायला पाठवावेत. उघड्या मोटारीची कला आपल्याकडे चित्रातून आली आणि चित्रातच थांबली. ती पुढे जायची असेल, तर आधी टप करायला शिकले पाहिजे.