‘पँथर’ हे नाव आणि महाडचा निकाल

दलित पँथरची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा अमेरिकेपासून सुरू होते. ओकलंड येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून मुंबईतील तरुण लेखकांनी १९७२ मध्ये हे नाव घेतले, यात वाद नाही. परंतु नावावरून वंशावळ ठरविण्याची घाई (आपल्या प्रश्नपत्रिकाही तिला अपवाद नाहीत) तपासली पाहिजे.

अमेरिकेतील ब्राऊन खटल्याचा निकाल १९५४ चा. त्याआधी सतरा वर्षे, १७ मार्च १९३७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याविषयी सवर्णांनी डॉ. आंबेडकरांविरुद्ध चालविलेला दावा मुंबई उच्च न्यायालयात कायमचा निकालात निघाला. मात्र अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादिकाळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढाच त्या निर्णयाचा आधार होता. रूढी पुरेशी जुनी ठरली असती तर? ब्राऊन निकालामागे राज्यघटनेतील समान संरक्षणाचे तत्त्व होते. आपल्याकडे तसा आधार, अनुच्छेद १७ च्या रूपाने, १९५० मध्ये आला.

दोन्ही पँथरांमधील खरे साम्य येथे सापडते. एकाचा उदय १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरचा, दुसऱ्याचा १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यानंतरचा. हक्क कागदावर मिळूनही वस्तीपर्यंत न पोहोचल्याचा संताप दोघांचाही; तो उसना घ्यावा लागत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची (१९७२) भाषा तर कामाठीपुऱ्याच्या परिसरातली आहे. तिचे मूळ ओकलंडमध्ये शोधणाऱ्या समीक्षकाने आधी महाडचे निकालपत्र वाचावे.