युद्धाच्या सूरेतली आठवी आयत

कुराणाची साठावी सूरा, 'अल-मुमतहिना', अवघ्या 13 आयतींची आहे आणि तिच्यात संशयाचं वारं भरलेलं आहे. मदिना आणि मक्का यांच्यात हुदैबियाचा तह झाला इ.स. 628 मध्ये, आणि मक्का मुसलमानांच्या हाती आली 630 मध्ये. या मधल्या काळाचा ताण या सूरेत आहे. मक्केवाल्यांविरुद्ध बद्रच्या लढाईत लढलेले हातिब नावाचे पैगंबरांचे एक साथीदार (सहाबी) मक्केच्या सरदारांना गुपचूप चिठ्ठी धाडतात, की इकडे स्वारीची तयारी चालली आहे. त्यांचं कारण कुठल्याही संसारी माणसाचं असावं तसंच आहे. घरची माणसं मक्केत अडकलेली, तिथे त्यांना पाठीराखा कुणी नाही. आपण एवढा उपकार केला तर निदान त्यांच्या केसाला धक्का लागणार नाही. चिठ्ठी नेणारी बाई वाटेत पकडली जाते. हातिबना पैगंबर माफ करतात. सूरा मात्र कडक सुरातच सुरू होते: अल्लाहच्या आणि तुमच्या वैऱ्यांशी जिव्हाळा जोडू नका, असं ती बजावते.

इस्लामवर तोंडसुख घेणारा वक्ता बहुधा इथेच ग्रंथ मिटतो. कडवा धर्मोपदेशकही इथेच मिटतो. दोघांचंही काम पहिल्या आयतीत भागलेलं असतं.

पण सूरा तिथे थांबत नाही. चौथ्या आयतीत ती इब्राहीमचं उदाहरण देते. स्वतःच्या जमातीशी, स्वतःच्या बापाशी ज्याने नातं तोडलं तो हा माणूस. म्हणजे स्वर आणखी चढला. आणि सातव्या आयतीत अचानक वळण येतं. आज ज्यांच्याशी तुमचं वैर आहे, त्यांच्यात आणि तुमच्यात अल्लाह उद्या प्रेमही निर्माण करील, अशी शक्यता ती बोलून दाखवते. लढाईच्या तयारीत असलेल्या लोकांना हे ऐकवणं सोपं नव्हतं. या वळणानंतर आठवी आयत येते, आणि मुसलमानाने बिगरमुसलमानाशी कसं वागावं या प्रश्नाचं कुराणातलं सर्वांत थेट उत्तर तिच्यात आहे. तिचा आशय असा: जे धर्मापायी तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घरादारातून हुसकलं नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागण्यास अल्लाह तुम्हाला मनाई करत नाही, न्यायाने वागणारे त्याला आवडतात.

पहिल्या वाचनात माणूस अडखळतो तो 'मनाई करत नाही' इथे. एवढं हातचं राखून का बोलावं? 'भलेपणाने वागा' अशी सरळ आज्ञा द्यायला काय हरकत होती? परंपरेने या आयतीशी जोडलेली हकिगत ऐकली की हा अडखळा सुटतो. पैगंबरांचे निकटचे साथीदार अबू बक्र यांची मुलगी असमा मदिनेत राहते. तिची आई कुतैला, अबू बक्र यांनी पूर्वीच सोडलेली, अजून मूर्तिपूजक, मक्केहून लेकीला भेटायला येते. रिकाम्या हाताने येत नाही. तूप आणि असाच काही खाऊ घेऊन येते. असमा आईला दारातच थांबवते. आत घ्यायचं का? हे तूप घ्यायचं का? पैगंबरांना विचारल्याशिवाय ती काही करायला तयार नाही. पैगंबरांचं उत्तर बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे: आईशी नातं सांभाळ, असं त्यांनी सांगितलं.

दारात उभ्या असलेल्या त्या दोघींकडे पाहिलं की आयतीची रचना कळते. असमाच्या मनात ममता नव्हती असं नाही. होती म्हणूनच तर ती घाबरली. भलेपणा हे पाप ठरेल, या भीतीने तिचा हात थांबला होता. अशा माणसाला आज्ञा देऊन काय होणार? आज्ञेने त्याच्या डोक्यावरचं ओझं एकाने वाढतं. त्याला हवं असतं ते भीतीतून मोकळं करणं, आणि आयत नेमकं तेच करते. ज्याला कर्मठपणाने घेरलं आहे त्याच्याशी कसं बोलावं, हे या एका वाक्याकडून शिकावं. (आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याच्या घरांतून अशा किती असमा दारात अडल्या असतील!)

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ही आयत समोरच्या माणसाची ओळख कशी करून देते पाहा. तो ज्यू की ख्रिस्ती, मूर्तिपूजक की नास्तिक, हे ती विचारतच नाही. तो कशावर विश्वास ठेवतो याचा उल्लेखसुद्धा नाही. त्याने काय केलं नाही, एवढंच ती पाहते: लढला नाही, घराबाहेर काढलं नाही. कसोटी वागण्याची आहे, श्रद्धेची नाही. पुढची नववी आयतही हेच धरून चालते. जे लढले, ज्यांनी हुसकलं आणि हुसकणाऱ्यांना ज्यांनी हात दिला, सख्याची मनाई फक्त त्यांच्यापुरती. काही जुन्या भाष्यकारांनी असं मत मांडलं होतं, की लढाईच्या आयती आल्यावर ही आठवी आयत रद्द झाली. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला तबरी यांनी आपल्या प्रचंड भाष्यात हे मत खोडून काढलं. ही सूट कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पंथाच्या माणसाला लागू आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. म्हणजे हा अर्थ आजच्या सर्वधर्मसमभावाच्या सभेसाठी शोधून काढलेला नाही. हजाराहून अधिक वर्षं तो तिथेच आहे.

तिसरी खूण शेवटात आहे. आयत भलेपणा आणि न्याय अशी दोन कामं सांगते, तीही या क्रमाने. समारोपात अल्लाहला आवडणारे म्हणून नाव घेते ते मात्र न्यायाने वागणाऱ्यांचं. भलेपणा कुठे गेला? माझ्या वाचनाप्रमाणे तो न्यायातच सामावला. ज्याने तुमचं काही बिघडवलं नाही त्याच्याशी भलं वागणं हा तुमचा मोठेपणा नव्हे. तो त्याचा हक्कच आहे. उपकाराची भाषा इथे हळूच काढून घेतली आहे.

हा न्याय व्यवहारात कसा दिसतो ते पाहायला आता रायगड जिल्ह्यातल्या नेरळला येऊ. मध्य रेल्वेच्या मोठ्या गाडीतून उतरून माथेरानच्या छोट्या गाडीकडे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, की डोंगर चढणारी ही दोन फुटी रुळांची वाट एका दाऊदी बोहरा कुटुंबाने बांधली. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बडे व्यापारी, 1897 चे शेरीफ. पैसा त्यांचा, सुमारे 16 लाख रुपये. आणि काम उभं केलं त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. 1907 मध्ये गाडी सुरू झाली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानकं घेत सुमारे 21 किलोमीटरची वळणं ती चढते. त्याआधी माथेरान गाठायचं तर घोड्यावरून, डोलीतून नाहीतर पायी.

या रेल्वेला दानधर्म म्हणण्याची एक पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. ती खासगी कंपनी होती, तिकीट लावत होती, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण आठव्या आयतीच्या दृष्टीने पाहिलं तर रस तिथेच आहे. तिकीट काढेल त्याला गाडी. डब्यात पारशी, गुजराती, ब्राह्मण, गोरा साहेब, कोण बसतो हे रुळांनी विचारलं नाही. आयतीतला दुसरा शब्द, न्याय, बाजारात असाच दिसतो: माप सारखं, दर सारखा, रस्ता सगळ्यांना खुला. धर्मग्रंथातल्या वचनाची शहानिशा प्रवचनापेक्षा गल्ल्यावर आणि तिकिटाच्या खिडकीवर लवकर होते.

नेरळ परिसरात ममदापूरसारख्या गावांतून जुनी मुस्लिम वस्ती आहे. इथल्या सलोख्याचं चित्र रंगवायचं तर दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा हाताशी आहेतच. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या त्यावरच भागवतात. मला ते फार स्वस्तातलं वाटतं. त्यापेक्षा खडतर यादी तेराव्या शतकातल्या इजिप्तमधले, मालिकी या इस्लामी कायद्याच्या शाखेचे पंडित शिहाबुद्दीन अल-कराफी यांनी दिली आहे. आयतीतला बिगरमुसलमानांशी भलेपणा म्हणजे नेमकं काय, याचा त्यांनी हिशेबच मांडला. दुबळ्याशी मऊ वागणं, गरिबाची नड भागवणं, भुकेल्याला खाऊ घालणं, उघड्याला वस्त्र देणं. गोड बोलणं, पण भीतीपोटी नव्हे, जिव्हाळ्यापोटी. शेजारी म्हणून त्यांचा त्रास झाला तर तो दूर करण्याची ताकद असूनही सोसणं. त्यांच्या सगळ्या व्यवहारांत खरा सल्ला देणं. आणि कुणी पाठीमागे त्यांच्यावर तोंड टाकू लागलं तर त्यांची बाजू राखणं.

या यादीतल्या शेवटच्या दोन-तीन कलमांवर थांबावं. शीरखुर्म्याची वाटी पोचवायला पाच मिनिटं लागतात. शेजाऱ्याच्या मांडवातला कर्णा रात्री अकराला चालू आहे आणि तक्रार करण्याचा हक्क आपल्याकडे आहे, तरी एखादा दिवस सोसणं अवघड आहे. आणि सर्वांत अवघड म्हणजे तो शेजारी नसलेल्या खोलीत, आपल्याच माणसांच्या मोबाइलवरच्या गटात, त्याच्याबद्दल खोटं येत असताना 'हे खरं नाही' असं लिहिणं. कराफींच्या काळी मोबाइल नव्हता, पण पाठीमागे बोलणं होतंच. त्यांना माणूस पक्का ठाऊक होता.

हेही सांगितलं पाहिजे, की कराफी त्यांच्या काळाचेच. बिगरमुसलमानांचा मान आपल्याहून वर जाईल अशा वागण्याला त्याच प्रकरणात त्यांची हरकत आहे. राज्य मुसलमानांचं, इतर प्रजा आश्रित, ही चौकट त्यांनी गृहीत धरलेली. रायगड जिल्ह्यात ती चौकट नाही. इथे दोघेही एकाच घटनेचे नागरिक आहेत. तेव्हा कराफींची यादी ठेवावी आणि उतरंड सोडावी. उपकार काढून टाकून न्याय ठेवणारी आयतच हे सुचवते, असं मी म्हणेन.

2025 मध्ये नेरळजवळच्या एका नियोजित गृहप्रकल्पाच्या जाहिरातीवरून वाद पेटला. 'हलाल' वातावरणात, समविचारी कुटुंबांसोबत राहा, असा तिचा सूर होता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली आणि दोन्ही बाजूंनी बोलण्याची चढाओढ लागली. मुंबईत नाव ऐकून मुसलमानाला घर नाकारणाऱ्या सोसायट्या किती आहेत, हा प्रश्न त्यावेळी विचारला गेला आणि तो रास्तच होता. हाकलल्यासारखं झालेला माणूस आपल्यातच निवारा शोधतो, हे समजण्यासारखं आहे. पण आठव्या आयतीच्या अंगाने बोलायचं तर वस्तीच एकसारखी झाली की आयतीला काम उरत नाही. भलेपणा कुणाशी करायचा? दारात येणारी कुतैला हवी. शेजारी वेगळा असेल तरच त्याचा त्रास सोसण्याचा आणि त्याची पाठराखण करण्याचा प्रसंग येतो. पैगंबरांचे सहाबी अब्दुल्ला बिन अम्र यांच्या घरी बकरं कापलं तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, की आपल्या ज्यू शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का. भिंतीला भिंत लागून असेल तरच असा प्रश्न सुचतो.

ही आयत मुसलमानांना उद्देशून आहे, म्हणून इतरांनी तिच्याकडे फक्त कौतुकाने पाहावं असं नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचलं आणि त्यातलं निवडून 'कुराण-सार' केलं. आपल्या जिल्ह्याच्या माणसाने घातलेली ही पायवाट आहे. त्यांच्याइतकं अरबी आपल्याला येणार नाही. मराठी अनुवाद मिळतात. तेव्हा विनंती एकच: 'अल-मुमतहिना' उघडा आणि तेराच्या तेरा आयती एका बैठकीत वाचा. आठवी एकटी तोडून सुविचारासारखी भिंतीवर लावू नका, आणि पहिली एकटी तोडून कुणाच्या अंगावर फेकू नका.